ल्यूक फील्डवरील अपघात : कारण आणि निमित्त

२० मार्च १९३७ रोजी पहाटे हवाई बेटांतील ल्यूक फील्ड या लष्करी विमानतळावर अमेलिया इअरहार्ट यांचे लॉकहीड इलेक्ट्रा हे दोन एंजिनांचे विमान उड्डाणासाठी धावत असता एका बाजूस ओढले गेले, गर्रकन फिरले आणि चाकांचा सांगाडा मोडून पोटावर घसरत गेले. टाक्यांत सुमारे ९०० गॅलन पेट्रोल असूनही आग लागली नाही. इअरहार्ट, हॅरी मॅनिंग व फ्रेड नूनन हे तिघेही बचावले. पृथ्वीप्रदक्षिणेचा पहिला प्रयत्न मात्र तेथेच संपला.

या अपघाताविषयी तीन मते आढळतात. काही साक्षीदारांच्या मते टायर फुटला. इअरहार्ट यांनी उजव्या चाकाचा धक्काशोषक निकामी झाला असावा, असा तर्क मांडला. त्यांचे तांत्रिक सल्लागार पॉल मँट्झ यांनी मात्र दोन एंजिनांची शक्ती कमीजास्त करून दिशा सावरण्याच्या रीतीस दोष दिला. वाद वस्तुतः क्रमाचा आहे : चाक मोडून विमान वळले, की विमान वळून चाक मोडले? शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यामुळे एकदा सुरू झालेले वळण आपोआप वाढत जाते व आडव्या ताणाने सुस्थितीतील सांगाडाही मोडू शकतो. यास्तव मोडलेले चाक हा स्वतःच्या पूर्वदोषाचा पुरावा ठरत नाही.

परिणामांविषयीही हाच विवेक आवश्यक आहे. बर्बँक येथील दुरुस्तीत दोन महिने गेले. ऋतुमानाने वारे बदलल्यामुळे प्रवासाची दिशा उलटली. १ जूनला मायामीहून निघालेले विमान कराची व कलकत्ता येथे थांबून पूर्वेकडे गेले. मूळ योजनेत हाउलंड बेट दुसऱ्याच टप्प्यात होते आणि बिनतारी विद्येचे जाणकार मॅनिंग तेव्हा सोबत असणार होते. आता ते प्रवासाच्या अखेरीस, ले येथून अडीच हजार मैलांवर आले. सोबतीस केवळ नूनन उरले. २ जुलै रोजी विमान नाहीसे झाले.

ल्यूक फील्डवरील अपघात या शोकांतिकेचे कारण होता, असे म्हणता येत नाही. तो निमित्त होता, एवढेच म्हणता येते. मार्ग, ऋतू आणि सोबती त्याने बदलले. परंतु त्यानंतरचे निर्णय माणसांचे होते. निमित्तास कारण ठरविले, की त्या निर्णयांची चिकित्साच थांबते.