सुतक आणि संसार : नगरकडील दुखवट्याचा थोडा इतिहास

आपल्या समाजातील कुटुंबे आज मुंबई, पुणे, नाशिक आणि त्याहूनही दूरच्या ठिकाणी विखुरलेली आहेत. गावाकडचे कोणी वडीलधारे माणूस गेल्याची वार्ता आली, म्हणजे मन दुःखाने भरून येते हे खरेच. पण त्या दुःखाच्या पाठोपाठ एक दुसरा विचारही येतो, आणि तो बोलून दाखविण्याची प्रत्येकाला लाज वाटते. तो म्हणजे, किती दिवस राहता येईल? रजा किती, मुलांच्या परीक्षा केव्हा, तेराव्यापर्यंत थांबावे की दहावा उरकून निघावे? वडील मंडळी म्हणतात, पूर्वी असे नव्हते. पूर्वी कसे होते, ते ज्ञातिबंधू-भगिनींपुढे मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

फार मागे जावयाचे तर आपल्याच जिल्ह्यात जावे लागते. संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावाच्या नावाने जी ताम्रपाषाणयुगीन संस्कृती ओळखली जाते, तिचे अवशेष प्रवरेकाठी नेवासे आणि दायमाबाद येथे सापडले. नेवाशाचे उत्खनन डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे हे लोक आपले मृत घराच्या जमिनीखालीच पुरीत. लहान मूल गेले, तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवीत. घोडनदीकाठच्या इनामगावी तर मोठ्या माणसांचे पाय घोट्यापाशी तोडून पुरल्याचे आढळले. मृताने उठून फिरू नये म्हणून तसे करीत असावेत, असा विद्वानांचा तर्क आहे. ज्या जमिनीखाली आपले माणूस, त्याच जमिनीवर दुसऱ्या दिवशी चूल पेटत असे. मृताजवळ राहावे की त्याच्यापासून सुटावे, हा पेच त्यांनाही पडला होता, असे आम्हांस वाटते.

पुढे धर्मशास्त्रकारांनी या पेचाचा हिशेब घातला. मनुस्मृतीत ब्राह्मणास दहा, क्षत्रियास बारा, वैश्यास पंधरा आणि शूद्रास तीस दिवसांचे अशौच सांगितले आहे. ज्याच्या हातावर पोट, त्यानेच महिनाभर हात बांधून बसावे, असा हा न्याय! लोकाचाराने तो फारसा मानला नाही. आपल्याकडे बहुतेक सर्व जातींत दहा दिवसच रूढ झाले. शास्त्रातही पळवाट होतीच. पराशरस्मृतीने शिल्पी, कारागीर, वैद्य, दास-दासी आणि राजा यांना सद्यःशौच, म्हणजे तत्काळ शुद्धी दिली आहे. कारण त्यांच्यावाचून इतरांचे अडते. परदेशी असलेल्याचीही सोय मनूने केली आहे. दहा दिवसांच्या आत वार्ता कळली तर उरलेले दिवसच पाळावे, दहा दिवसांनंतर कळली तर तीन रात्री, आणि वर्ष उलटून गेल्यावर कळली तर केवळ स्नान. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) या मतामतांचा विस्तृत परामर्श घेतला आहे. तो चाळला म्हणजे दिसते, की सुतकाचे दिवस कधीच दगडावरची रेघ नव्हते. तीन किंवा पाच दिवसांत सुतक फेडणाऱ्यास आज आपण नावे ठेवतो, तेव्हा हे ध्यानात असावे.

रेल्वेपूर्वी दूरच्या आप्ताला अंत्यदर्शन घडणे हा योगायोगच होता. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि नगरचा माणूस मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोचला, तसाच परतही येऊ लागला. पुढे १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती पुणे-अहमदनगर याच मार्गावर, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना अभिमानाची वाटते. त्या गाडीने आणि तारेने दुखवट्याचे स्वरूप पालटले. तार आली की घरात रडारड आधी आणि मजकूर वाचणे नंतर, असा तो काळ. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता भ्रमणध्वनीवर वार्ता क्षणात येते आणि लोक प्रेत हलण्यापूर्वी पोहोचतात. पण पोहोचणे जसे सुलभ झाले, तसे निघणेही. सकाळी आलेला पाहुणा सायंकाळी पुण्यास असतो.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे या बदलाचे उलटे टोक पाहावयास मिळते. हे गाव पर्जन्यछायेतले. वर्षाकाठी पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचत गेले, तरणी माणसे मजुरीसाठी बाहेर पडली आणि म्हातारी माणसे मागे राहिली. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार यांच्याकडे गावाची धुरा आली. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी यांचे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. पुढे आदर्श गाव योजनेतून पाणलोटाची कामे झाली. शेतीसाठी कूपनलिका घ्यावयाची नाही, ऊस लावावयाचा नाही, आणि पावसाच्या मापाने पिके ठरवावयाची, असा तेथील शिरस्ता. विहिरींना पाणी आले, दुधाचा धंदा वाढला आणि शहरात गेलेली अनेक कुटुंबे परतली. श्री. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

याच गावी गेल्या फाल्गुनात आमचे एक वृद्ध चुलते निवर्तले. रानात गहू उभा, कांदा काढणीला आलेला आणि दावणीला दुभती जनावरे. गाय काही सुतक पाळीत नाही. तिची धार दोन्ही वेळा काढावीच लागते. पहिल्या दिवशी घरची चूल पेटली नाही, शेजारून पिठले-भाकरी आली, हे सर्वत्रच होते. पण दहाव्यापर्यंत शेजाऱ्यांनीच धारा काढल्या, दूध पोहोचविले आणि कांद्याचे वाफेही पाहिले. कोणी कोणास सांगितले नाही. सावडण्याच्या दिवशी बाहेरगावचे निम्मे लोक परतले. दशक्रियेला प्रवचन झाले, कावळा पिंडाला लवकर शिवला, पाहुण्यांनी दुखवट्याचे कपडे केले. दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ बारे द्यायला गेला. त्याला कोणी अडविले नाही, आणि अडवावयाचे कारणही नव्हते.

तेराव्याच्या जेवणावळीविषयी मात्र जुना वाद आहे. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) कर्ज काढून जेवणे घालणाऱ्यांना कीर्तनांतून जन्मभर फटकारले आणि ते योग्यच होते. तथापि रयतेच्या कर्जाचे सारे खापर तेराव्यावर फोडणे न्याय्य नव्हे. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, तेव्हा नेमलेल्या चौकशी मंडळाने लग्नकार्यांचा खर्च मोठा असल्याचे मान्य केले, पण कर्जाचे मूळ त्यात मानले नाही; वडिलोपार्जित ऋणाकडे त्याने बोट दाखविले. बापाला अग्नी देणाऱ्या मुलाच्या माथी बापाचे खतही येई. मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्याने ही जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली, आणि पितृऋण फेडण्याचे धार्मिक बंधन नव्या कर्जापुरते २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने संपविले. पुरुषाला संसारात परत येण्याच्या वाटेवरचा हा मोठा धोंडा कायद्याने असा हळूहळू बाजूस केला.

स्त्रीची वाट मात्र निराळी. मुलगा अकराव्या दिवशी शेतावर जातो, जावई कचेरीत जातो. विधवेला परत यावयास जागाच ठेवलेली नसते. तिच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, आणि हे बहुधा इतर बायकांच्याच हातून होते. ज्योतिराव फुले २८ नोव्हेंबर १८९० रोजी वारले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी धरले. हे सांगताना आपली छाती फुगते, पण आपल्या घरी चुलतीने टिटवे धरावे असे कोणी सुचविले तर सभा गप्प होते. आमच्या चुलतीच्या बांगड्यांचा प्रश्न निघाला, तेव्हा तिच्या थोरल्या सुनेने, "आत्याबाई, हात पुढे करू नका," एवढेच म्हटले आणि विषय तेथे थांबला. म्हातारीने पुढे चार दिवस कुणाशी बोलणे केले नाही. पाचव्या दिवशी उठून ज्वारी निवडावयास बसली.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने या विधवा-प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. ठराव करणारे गाव लहान आहे, आणि तेथे हा प्रश्न गावसभेत सर्वांसमक्ष बोलला गेला. आपल्या मंडळाच्या सभांत दहा दिवस की पाच दिवस यावर आजवर पुष्कळ चर्चा झाली. बांगड्यांवर एकदाही नाही.