दोन पेपरांमधली फट

भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला क्वांटम मेकॅनिक्सचा पेपर वेगळा आणि इलेक्ट्रोडायनॅमिक्सचा वेगळा. पुस्तकं वेगळी, शिकवणारेही बहुधा वेगळे. शहापूर-मुरबाडकडच्या मुलामुलींचे खरे प्रश्न मात्र नेमके या दोन पेपरांमधल्या फटीतून येतात, आणि ‘हे आपल्या सिलॅबसमध्ये नाही’ असं म्हणून दोन्हीकडचे शिक्षक मोकळे होतात. ही पुस्तिका त्या फटीसाठी आहे.

आसनगाव स्टेशनवरच पाहा. रुळांवरच्या तारेत 25,000 व्होल्टचा दाब, सेकंदाला 50 आवर्तनं. फलाटाच्या टोकाला सिग्नलचा लाल एलईडी. तारेतल्या विजेवर लोकल कशी धावते, हे मॅक्सवेलच्या समीकरणांवरून कळतं. प्लँकचा स्थिरांक कुठे लागतच नाही. एलईडीचा लाल रंग मात्र त्याच्याशिवाय सुटत नाही. अर्धवाहकातल्या ऊर्जापट्ट्यांमध्ये सुमारे 2 इलेक्ट्रॉनव्होल्टचं अंतर असतं; इलेक्ट्रॉन वरून खाली आला की तेवढ्या ऊर्जेचा फोटॉन बाहेर पडतो. 50 हर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा काढून बघा: ती या लाल फोटॉनच्या साधारण दहा लाख कोटीवा भाग भरते. इतके बारीक दाणे कोण मोजत बसणार?

आता फटीतला माझा आवडता प्रश्न. फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत केंद्रकात का कोसळत नाही? श्रोडिंगरच्या 1926 च्या समीकरणानं याला उत्तर दिलं: स्थिर अवस्थेत विद्युतभाराचं वितरण काळानुसार बदलत नाही, म्हणून प्रारणही नाही. चलाख विद्यार्थी इथेच अडवतो. मग उत्तेजित अवस्थाही स्थिरच की! तिथून इलेक्ट्रॉन खाली का येतो? एकट्या अणूसाठी लिहिलेल्या श्रोडिंगर समीकरणाकडे याचं उत्तर नाही, आणि ते नाही हे वर्गात स्पष्ट सांगायला हवं. डिरॅकनं 1927 मध्ये विद्युतचुंबकीय क्षेत्रालाही क्वांटमचे नियम लावले, तेव्हा कुठे आपोआप होणाऱ्या उत्सर्जनाचा हिशेब लागला.

याच प्रश्नाकडे कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर उलट्या बाजूनं पाहिलं. क्षेत्राला स्वतंत्र अस्तित्व न देताही उत्तेजित अणूचं खाली येणं म्हणजे उरलेल्या विश्वाचा प्रतिसाद असं मांडता येतं, हे त्यांनी 1969 च्या शोधनिबंधात दाखवलं. तो मार्ग मुख्य प्रवाहात रुजला नाही. तरी विज्ञानकथाकार म्हणून नारळीकरांना ओळखणाऱ्या मराठी वाचकाला त्यांचं हे काम ठाऊक असावं.

खाली यायला वेळ किती लागतो, हे तर फारच गमतीचं. 2p अवस्थेतला हायड्रोजन साधारण 1.6 नॅनोसेकंदात उतरतो. तोच हायड्रोजन तळाच्या अवस्थेत असताना इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांचे स्पिन समांतर असतील, तर ते उलटे व्हायला सरासरी सुमारे 1.1 कोटी वर्षं! कारण इथली वारंवारता फार कमी, आणि उत्सर्जनाचा दर वारंवारतेच्या घनाप्रमाणे घटतो; त्यात हे संक्रमण चुंबकीय, म्हणून आणखी क्षीण. मात्र आकाशात हायड्रोजन अफाट आहे, त्यामुळे या संक्रमणातून निघणाऱ्या 21 सेंटिमीटरच्या लहरी आपल्यापर्यंत पोचतात. व्हॅन द हुल्स्टनं त्यांचं भाकीत 1944 मध्ये केलं, 1951 मध्ये त्या सापडल्या. मुरबाडहून माळशेज घाट चढून नारायणगावकडे गेलं की खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत, तिथे आजही त्या टिपल्या जातात. सहल काढायचीच तर तिथे काढा. क्वांटमनं जन्माला घातलेला आणि मॅक्सवेलच्या लहरीनं वाहून आणलेला संदेश इतक्या जवळ दुसरीकडे बघायला मिळणार नाही.

पुढची प्रकरणं क्रमानंच वाचली पाहिजेत असं नाही. पर्टर्बेशन थिअरी लागेल तिथे समजावली आहे. हार्मोनिक ऑसिलेटर मात्र गृहीत धरला आहे. तो कच्चा असेल तर आधी पक्का करून या, कारण डिरॅकनं क्षेत्राचा सगळा हिशेब त्याच्यावरच मांडला.