ऑन, ऑफ, आऊट : पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतली इंग्रजी क्रियापदे

इंग्रजीत साध्याशा क्रियापदाला दिशा दाखवणारा एखादा छोटा शब्द जोडला, की अर्थ कुठल्या कुठे जातो. 'ब्रेक' म्हणजे मोडणे, 'डाऊन' म्हणजे खाली. पण 'ब्रेकडाऊन'मध्ये खाली काहीच पडत नाही, यंत्र फक्त थांबते. (मराठीतही ते बंद 'पडते'च म्हणा!) सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवले आहे, की या जोड्या परकीयांना फार अवघड जातात. 'फ्रेजल व्हर्ब' हे त्यांचे आजचे नाव मात्र बरेच उशिरा, १९२५ साली लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकातून रूढ झाले.

पुण्याच्या वायव्येला या जोड्या शाळेच्या क्रमिक पुस्तकांपेक्षा कारखान्याच्या गेटमधून अधिक आल्या. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरी-चिंचवडच्या जमिनींवर शेड उभ्या राहू लागल्या. पाठोपाठ टेल्को आणि बजाज आले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. पुढे चाकणची पाळी आली. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे २००९ साली सुरू झाला. मराठवाडा, खानदेश, सातारा-सांगलीकडून आयटीआय करून आलेल्या मुलांनी या गेटांतून आत जाताना एक नवी भाषा उचलली.

मराठीने काय घेतले, काय टाकले

ही रचना आपल्याला अगदीच परकी नाही. संस्कृतात 'हृ' या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात. वैदिक भाषेत हे उपसर्ग इंग्रजीसारखेच धातूपासून सुटे राहू शकत, मागे-पुढे फिरू शकत. पाणिनीने ही मोकळीक वेदापुरती असल्याचे सांगितले आहे. पुढे ते धातूला कायमचे चिकटले. मराठीने हेच काम दुसऱ्या क्रियापदावर सोपवले. इंग्रज जिथे 'अप' किंवा 'डाऊन' लावतो तिथे आपण 'खाऊन टाक', 'लिहून घे', 'ठेवून दे' म्हणतो.

म्हणून इंग्रजी जोडी मराठीत शिरताना क्रियापद म्हणून शिरत नाही. ती नाम होते आणि क्रियापद आपले लागते : ब्रेकडाऊन झाला, सेटअप केला, फॉलोअप घेतला, शटडाऊन दिला, हँडओव्हर दे. डाय तयार झाली की टूलरूममध्ये तिचा 'ट्रायआऊट' होतो. 'रनआऊट' तर मैदानावर होतो आणि लेथवरही. तिथे तो डायल गेजवर मायक्रॉनमध्ये मोजतात. 'पासआऊट'ची गंमत वेगळी. सैनिकी शाळांच्या दीक्षान्त संचलनाला इंग्रजीत 'पासिंग आऊट परेड' म्हणतात. एरवी तिकडे 'पासआऊट' होणे म्हणजे शुद्ध हरपणे. आपल्याकडे मात्र नोकरीच्या जाहिरातीत 'आयटीआय पासआऊट' हीच पात्रता असते.

याहून पुढची पायरी अशी, की इंग्रजी क्रियापद गळून जाते आणि दिशा तेवढी उरते. 'स्विच ऑन' मधला स्विच गेला, 'मशीन ऑन कर' राहिले. 'लाईन डाऊन आहे', 'इन झाला का?', 'किती वाजता आऊट झालास?' 'ऑफ' तर पूर्ण नाम होऊन बसला. विजेचा भार वाटून देण्यासाठी औद्योगिक पट्ट्यांची साप्ताहिक सुट्टी वेगवेगळ्या दिवशी ठेवली जाते. या पट्ट्यात ती गुरुवारी. त्यामुळे इथला कामगार सहज म्हणतो, 'गुरुवारी ऑफ असतो, तेव्हा ये.' इंग्रजीत जो अर्थ क्रियापद आणि दिशा यांनी मिळून वाहायचा, त्यातली दिशा आपण घेतली आणि क्रिया घरची ठेवली.

एका टाळ्याचे तीन अर्थ

'लॉकआऊट'साठी मराठीत 'टाळेबंदी' हा नेटका शब्द झाला. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात संप हे कामगारांचे आणि टाळेबंदी हे मालकाचे हत्यार म्हणून शेजारी-शेजारी येतात. मराठी शब्दात टाळे आले, पण 'आऊट' सुटला. कोण बाहेर राहिले, हे तो सांगत नाही.

ही उणीव २०२०च्या मार्चमध्ये उघडी पडली. 'लॉकडाऊन'लाही वृत्तपत्रांनी 'टाळेबंदी'च म्हटले. एका टाळेबंदीत कामगार गेटबाहेर उभा असतो, दुसरीत तो घराबाहेर पडू शकत नाही. इंग्रजीने 'आऊट' आणि 'डाऊन' या दोन शब्दांनी राखलेला भेद मराठीत पुसला गेला. ज्यांच्या आयुष्यात पहिली टाळेबंदी येऊन गेली होती, त्या निवृत्त कामगारांच्या कानाला हा शब्द वेगळाच लागला असणार.

तिसरे टाळे बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या सुरक्षा-नियमांबरोबर आले. यंत्राच्या दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी कामगार मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप लावतो, नावाची चिठ्ठी अडकवतो आणि किल्ली खिशात ठेवतो. हे 'लॉकआऊट-टॅगआऊट'. अमेरिकेने याचा नियम सप्टेंबर १९८९ मध्ये जाहीर केला. नेमक्या त्याच महिन्यात राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले होते. ज्या शब्दाने मालकाच्या हातातले कुलूप सांगितले, त्याच शब्दाने पुढे कामगाराच्या खिशातली किल्लीही सांगितली.

ले-ऑफ आणि ब्रेक

सर्वांत महाग पडणारी जोडी 'ले-ऑफ'. १९५३च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात तिची व्याख्या आली : कोळसा, वीज वा कच्चा माल नाही, माल साचला आहे, यंत्रात बिघाड आहे अशा कारणांनी मालक काम देऊ शकत नाही, मात्र कामगाराचे नाव हजेरीपटावर राहते. पात्र कामगाराला मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. म्हणजे नाते तुटत नाही. अमेरिकी वापरात मात्र हाच शब्द सरसकट नोकरी जाण्यासाठी रुळला आणि संगणक कंपन्यांबरोबर तोच अर्थ हिंजवडीत उतरला. चाकणमध्ये बापाला ले-ऑफ लागला तर अर्धा पगार घरी येतो. काही कोसांवर हिंजवडीत मुलाला लागला तर ओळखपत्र परत द्यावे लागते. घरात शब्द एकच.

या भरपाईला एक अट आहे : वर्षभराची सलग सेवा. कायद्याच्या हिशेबात बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले, की ती सलग धरली जाते. इथेच 'ब्रेक' येतो, मागे 'डाऊन' न लावता. सहा-सात महिने भरत आले की तात्पुरत्या कामगाराला 'ब्रेक देतात', म्हणजे काही दिवस घरी बसवून, जमल्यास, नव्याने घेतात. बदली आणि नैमित्तिक कामगारांना तर कायद्यानेच या भरपाईतून वगळले आहे. यंत्राचा ब्रेकडाऊन झाला तर कायमच्या कामगाराला ले-ऑफ मिळतो. ब्रेक मिळालेल्याला तोही मिळत नाही. 'ब्रेक' हा शब्द ऐकायला विश्रांतीसारखा, चहाच्या सुट्टीसारखा वाटतो, हीच त्यातली मेख.

१९४६च्या स्थायी आदेश कायद्याने कारखान्याच्या सेवाशर्ती प्रवेशद्वाराजवळ इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावणे बंधनकारक केले होते. गेटवरचा शब्द ज्याच्या पोटाशी जोडलेला आहे त्याला तो कळला पाहिजे, एवढे भान त्या कायद्याला होते. ऑन, ऑफ, इन, आऊट मराठीने आपलेसे केले, त्यात गमावले काही नाही. पण ले-ऑफ, ब्रेक आणि टाळेबंदी यांचे अर्थ नेमणूकपत्र हाती घेणाऱ्या मुलाला स्वच्छ मराठीत सांगणारा कारखाना-कोश कुणीतरी करायला हवा. या शब्दांतला फरक कळला नाही, तर व्याकरण कच्चे राहत नाही, पगार बुडतो.