मेंदूभोवतीचं पाणी

मंडळी, बकऱ्याचा भेजा साफ करताना तुम्ही पाहिलं असेल. वरचा पातळ, रक्तवाहिन्यांचा पापुद्रा सोलून काढतात. माणसाच्या मेंदूवर अशी तीन आवरणं आहेत. कवटीला आतून चिकटलेलं जाड, चिवट ते दृढावरण. त्याखाली कोळिष्टकासारखं जालावरण. आणि मेंदूच्या घडीघडीत शिरणारं मृदू आवरण. शेवटच्या दोहोंमध्ये नितळ पाणी असतं. सुमारे १४०० ग्रॅमचा मेंदू त्यात तरंगतो, म्हणून त्याचा भार पन्नासेक ग्रॅमच पडतो.

हे पाणी विद्वानांना फार उशिरा दिसलं, आणि त्याचं कारण मोठं गमतीचं आहे. युरोपात शेकडो वर्षं प्रेतं उघडली जात होती. पण मेंदू पाहायचा तर आधी डोकं धडावेगळं करीत. मान कापली की पाणी वाहून जाई! मग मेंदूतल्या पोकळ्यांत चैतन्याचा वारा खेळतो, हे ग्रीक वैद्य गेलनच्या काळापासूनचं मत तसंच चाले. १७६४ साली नेपल्सच्या डोमेनिको कोतुन्यो या तरुण वैद्यानं डोकं न कापता प्रेत उभं ठेवलं आणि कमरेशी कणा उघडला. पाणी बाहेर आलं. पण ही गोष्ट त्यानं लिहिली ती मांडीपायात उतरणाऱ्या कळेवरच्या पुस्तकात. तिकडे कोण बघतो? पुढं फ्रान्सच्या माजांदीनं १८२५ च्या सुमारास ते पुन्हा दाखवलं, तेव्हा कुठं ते सर्वमान्य झालं.

१८९१ साली जर्मनीतल्या कील इथं क्विंके यांनी जिवंत रोग्याच्या कमरेतून सुईनं हे पाणी काढलं. मेंदूज्वर आहे का, कोणता आहे, हे आजही त्यावरूनच कळतं.

आणि इथंच आपल्याकडे घोडं अडतं. "पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो!" आमच्या शेजारच्या पोराला ताप, उलट्या, मान ताठ, पण आजीनं सुई टोचू दिली नाही. तीन दिवस गेले. पोर जगलं, कान मात्र गेले.

आजीची भीती खोटी नव्हती, जागा चुकली होती. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो; सुई त्याच्या खाली जाते. तिथं पाण्यात नुसते मज्जातंतू लोंबत असतात, घोड्याच्या शेपटीसारखे. काढतात ते चमचा-दोन चमचे, आणि शरीर रोज अर्धा लिटर नवं करतं. गुरुजी, शाळेत सांगाड्याचा तक्ता असेल, तर ही जागा मुलांना बोट ठेवून दाखवा. घरी जाऊन ती आजीला सांगतील.