सोलापूरचें माळवद आणि उन्हाळ्याचा खर्च

घर थंड राखण्यासाठीं दरमहा पैसे मोजावयाचे, ही कल्पना सोलापूरच्या इतिहासांत बरीच अलीकडची आहे. पूर्वीं हा खर्च घर बांधतांनाच बहुतांशीं होऊन जात असे.

भीमा-सीनेच्या या मुलखांत पाऊस बेताचा, हवा कोरडी आणि मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर सहज चढणारा. अशा ठिकाणीं कोंकणाप्रमाणें उतरत्या छपराची निकड नव्हती. लांकडी तुळयांवर फळ्या अंथरून त्यांवर मातीचा जाड थर चोपीत. हें सपाट छप्पर म्हणजे माळवद. खालच्या दगडमातीच्या भिंतीही हात-दीड हात रुंद. माती उष्णता सावकाश घेते आणि सावकाश सोडते. त्यामुळें दुपारचें ऊन भिंतीच्या आंतल्या अंगास पोहोंचेपर्यंत रात्र होई, आणि तोंवर घरचीं माणसें त्याच माळवदावर अंथरुणें टाकून निजलेलीं असत.

कोरड्या हवेचा दुसरा लाभ पाण्याच्या द्वारें मिळे. एक लिटर पाणी उडून जातांना सुमारें दोनतृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेतें. माठ आणि वाळ्याचे ओले पडदे याच नियमावर चालत. आजचा पाण्याचा कूलरही त्याच नियमावर चालतो. वाळ्याच्या पडद्यांची चाल अकबराच्या काळीं पडली, असें 'ऐन-इ-अकबरी'त नमूद आहे.

हीच कोरडी हवा गिरण्यांस मात्र अडचणीची होती. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ सालीं सुरू झाली. कोरड्या हवेंत सूत तुटतें, म्हणून कापडगिरण्यांतून हवा मुद्दाम दमट राखावी लागे. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ सालीं स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकन अभियंत्यानें योजला, तो अशा गिरण्यांच्याच संदर्भांत. त्यापूर्वीं १९०२ सालीं विलिस कॅरिअरनें रचलेली योजना छापखान्यांतील कागदासाठीं होती. प्रथम कागदाची व सुताची सोय झाली. घरांतील माणसांची पाळी मागाहून आली.

माळवदाची थोरवी सांगतांना त्याचा दोष झांकून चालणार नाहीं. गळती थांबविण्यासाठीं वर्षानुवर्षें नवी माती पडे आणि छप्पर जड होत जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर-उस्मानाबाद भागांत भूकंप झाला, तेव्हां अशीं छपरें व दगडमातीच्या भिंती निजलेल्या माणसांवर कोसळून हजारों जीव गेले. माळवदाकडे परत जाण्याचा सल्ला म्हणूनच कोणी शहाणा देणार नाहीं.

परंतु त्याच्या जागीं आलेला पत्रा ऊन तत्काळ आंत सोडतो, आणि सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापून रात्रीं खोलींत उष्णता ओततो. तेव्हां माळवद सोडलें तरी त्यानें शिकविलेला क्रम सोडूं नये: ऊन आधीं छपरावरच अडवावें. गच्चीस चुन्याचा पांढरा हात द्यावा, पश्चिमेच्या खिडकीस बाहेरून पडदा लावावा, दारें-खिडक्या दिवसा मिटून रात्रीं उघडाव्या. मग कूलर, त्यांतही हवा बाहेर जाण्यास वाट ठेवावी, नाहीं तर खोली नुसती दमट होते. वातानुकूलन यंत्र अखेरीस. तें २४ अंशांवर ठेवावें; तपमान एक अंश वाढविल्यास सुमारें ६ टक्के वीज वांचते, असें ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचें सांगणें आहे. पत्र्याखालीं राहणाऱ्या कुटुंबास मात्र यांतला चुन्याचा हातच बहुधा परवडतो, आणि त्याची गरजही त्यालाच सर्वांत अधिक आहे.