ब्राउझरची आवृत्ति आणि वाचकाची ठेव



इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तह उभे राहतात. परंतु ज्या साधनांनीं आपण रोज वाचतों, लिहितों व व्यवहार करतों, त्यांनाहि इतिहास असतो. आणि तो ठाऊक नसला म्हणजे वर्तमानांत नुकसान सोसावें लागतें. आजच्या भाषणासाठीं मीं असेंच एक साधन निवडलें आहे. संगणकावर इंटरनेटचीं पानें दाखविणारा जो प्रोग्रॅम, ज्यास लहानथोर सर्वजण ब्राउझर म्हणतात, त्याच्या आवृत्त्यांचा, आणि विशेषेंकरून लिनक्स वापरणाऱ्या घरांतील त्याच्या आवृत्त्यांचा, वृत्तांत आपण थोडक्यांत पाहूं. एका आवृत्तीवरून दुसरीवर जातांना मनुष्याचें काय हरवतें व तें कसें राखावें, हा प्रश्न या वृत्तांताच्या मुळाशीं आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ज्यास आपण ब्राउझर म्हणतों त्यांत वस्तुतः दोन वस्तु असतात. एक म्हणजे खुद्द प्रोग्रॅम. आणि दुसरी म्हणजे वापरणाऱ्यानें वर्षानुवर्षें सांठविलेली ठेव. आवडत्या पानांचे बुकमार्क, बँकेचे व पत्रव्यवहाराचे पासवर्ड, कोणतें पान केव्हां वाचलें याची नोंद, आणि सोयीसाठीं जोडलेलीं ॲड-ऑन, हें सर्व त्या ठेवींत येतें. या ठेवीस प्रोफाइल असें नांव आहे. लेखणी मोडली तर बाजारांत दुसरी मिळते. परंतु लिहिलेली वही हरवली तर ती कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. प्रोग्रॅम ही लेखणी होय व प्रोफाइल ही वही होय. गेल्या तीस वर्षांतील बहुतेक घोटाळे हा भेद न ओळखल्यामुळें झालेले आहेत.

जगांतील पहिला ब्राउझर जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९९० सालीं लिहिला. पुढच्याच वर्षीं, १९९१ मध्यें, हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स नांवाच्या विद्यार्थ्यानें लिनक्सची घोषणा केली. म्हणजे हीं दोन भावंडें जवळजवळ एका वयाचीं आहेत. १९९३ मध्यें इलिनॉय विद्यापीठांत मार्क अँड्रीसन व एरिक बिना यांनीं मोझेक हा ब्राउझर तयार केला, आणि तो प्रथम युनिक्स जातीच्याच संगणकांसाठीं केला. त्यांत आवडत्या पानांची 'हॉटलिस्ट' ठेवण्याची सोय होती. डिसेंबर १९९४ मध्यें नेटस्केप नॅव्हिगेटरची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली. आपल्या देशांत विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सामान्य नागरिकांस इंटरनेट खुलें केलें, तेव्हां ज्यांना चित्रांसह पानें पाहावयाचीं होतीं त्यांतील पुष्कळांची पहिली ओळख या नेटस्केपशींच झाली.

नेटस्केपनें बुकमार्क एका साध्या फाइलींत लिहून ठेविले. ती फाइल म्हणजे एक वेबपानच होतें. कोणासहि उघडून वाचतां यावें असें. युनिक्सच्या रीतीप्रमाणें ही सर्व ठेव वापरणाऱ्याच्या स्वतःच्या दालनांत, ज्याच्या नांवाच्या आरंभीं टिंब आहे अशा फोल्डरांत, राहूं लागली. असें टिंब असलेलीं फोल्डरें सामान्य यादींत दिसत नाहींत. त्यामुळें झालें असें कीं घरांतील सर्वांत मोलाची वस्तु डोळ्यांआड राहिली, आणि मोलाची नसलेली वस्तु, म्हणजे प्रोग्रॅमचें चित्र, तेवढी पडद्यावर दिसत राहिली.

३१ मार्च १९९८ रोजीं नेटस्केपनें आपल्या ब्राउझरचा मूळ संकेतलेख जगास खुला केला, व त्यांतून मोझिला ही चळवळ उभी राहिली. जून २००२ मध्यें मोझिलाची १.० आवृत्ति निघाली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत तिच्यापासून हलका केलेला फिनिक्स नांवाचा ब्राउझर आला. २००३ मध्यें त्याचें नांव फायरबर्ड झालें, २००४ च्या फेब्रुवारींत फायरफॉक्स झालें, आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजीं फायरफॉक्स १.० प्रसिद्ध झाला. नांवाच्या या फेरबदलांत लिनक्सच्या जगानें आणखी एक भर घातली. डेबियन ही लिनक्सची एक जुनी व प्रतिष्ठित शाखा. बोधचिन्हाच्या व नांवाच्या हक्कावरून तिचा व मोझिलाचा २००६ मध्यें वाद झाला, आणि डेबियननें तोच ब्राउझर 'आइसवीझल' या नांवानें देण्यास आरंभ केला. २०१६ मध्यें हा वाद मिटून फायरफॉक्स हें नांव परत आलें. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं या दहा वर्षांत पाटी बदलली, तरी आंतील ठेव त्याच जुन्या मोझिलाच्या फोल्डरांत राहत होती. पाटीवरून ठेव ओळखूं नये, हा या प्रकरणाचा बोध.

आतां आपण त्या वळणावर येतों जेथें खरा धोका उत्पन्न झाला. १७ जून २००८ रोजीं फायरफॉक्स ३ निघाला. एका दिवसांत ८० लाखांहून अधिक प्रती उतरवून घेतल्या गेल्याचा विक्रम त्या वेळीं नोंदला गेला, व त्याचाच गाजावाजा झाला. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाचा बदल निराळाच होता. या आवृत्तीनें बुकमार्क व वाचनाच्या नोंदी साध्या फाइलींतून काढून एका डेटाबेसांत, म्हणजे ठराविक रकाने आंखलेल्या नोंदवहींत, हलविल्या. शोध जलद झाला, सोय वाढली. परंतु ती वही उघड्या डोळ्यांनीं वाचण्याजोगी राहिली नाहीं, आणि पुढील आवृत्त्यांनीं आपल्या सोयीप्रमाणें तिचे रकाने वेळोवेळीं बदलले.

येथें आपल्याकडील एका उदाहरणाची आठवण होते. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी लिपींतील कागदांचे असंख्य रुमाल आहेत. मोडीचा व्यवहार मागें पडल्यावर नव्या पिढीस ते कागद परके झाले. नवा वाचक जुनें लिखाण वाचूं शकेना. ब्राउझरांच्या बाबतींत नेमकें याच्या उलट घडतें. नवी आवृत्ति जुनी ठेव वाचूं शकते. इतकेंच नव्हे, तर उघडतांक्षणींच ती सर्व ठेव आपल्या नव्या मांडणींत फिरवून लिहिते. मग मागची आवृत्ति पुन्हां आणली तर तिला ती मांडणी समजत नाहीं, आणि न समजतां ती त्याच वहींत लिहूं लागली तर वही बिघडते. पुढें जाण्याचा दरवाजा उघडा असतो, परंतु तो एकाच बाजूस उघडतो.

या दरवाजांतून जाणें पूर्वीं क्वचित् घडे. २०११ पासून तें नित्याचें झालें. त्या वर्षीं २२ मार्चला फायरफॉक्स ४ निघाला आणि २१ जूनला ५ निघाला. पुढें दर सहा आठवड्यांनीं, व २०२० पासून दर चार आठवड्यांनीं, नवी आवृत्ति येऊं लागली. ज्यांना इतकी घाई सोसत नव्हती, अशा विद्यालयांसाठीं व कचेऱ्यांसाठीं जानेवारी २०१२ मध्यें 'इएसआर' ही संथ शाखा काढण्यांत आली; तिच्यांत साधारण वर्षभर केवळ सुरक्षेची दुरुस्ती होते. डेबियन हीच शाखा देतें. येथें एक सूक्ष्म सांपळा आहे. चालू आवृत्तीवरून इएसआर शाखेकडे जाणें हें वरकरणीं 'स्थिर' होणें वाटतें. परंतु इएसआरचा क्रमांक लहान असल्यामुळें तें खरें पाहतां मागें जाणेंच असतें.

मागें जाण्याची इच्छा लोकांस का होते? त्याचें उत्तर २०१७ सालानें दिलें. १४ नोव्हेंबर २०१७ रोजीं निघालेल्या ५७ व्या आवृत्तीनें जुन्या धर्तीचीं सर्व ॲड-ऑन बंद केलीं. ज्यांचें काम त्यांवर अवलंबून होतें, त्यांनीं जुनी आवृत्ति शोधण्यास आरंभ केला. परंतु त्याच वर्षाच्या ऑगस्टांतील ५५ व्या आवृत्तीनें ठेवीची मांडणी अशी बदलली होती कीं ती त्यापूर्वींच्या आवृत्तींत चालत नव्हती. अखेर २१ मे २०१९ रोजीं ६७ व्या आवृत्तींत दोन बंदोबस्त करण्यांत आले. प्रत्येक ठिकाणीं बसविलेल्या ब्राउझरास स्वतंत्र प्रोफाइल मिळालें. आणि नव्या आवृत्तीनें हाताळलेली ठेव जुनी आवृत्ति उघडूं लागल्यास तिला दारांतच अडवून, नवें प्रोफाइल काढा अथवा बाहेर पडा, असें सांगण्यांत येऊं लागलें. बंदोबस्त हिताचा होता. परंतु रिकामा ब्राउझर पाहून अनेकांस आपली ठेव बुडाली असें वाटलें. वास्तविक ती शेजारच्याच फोल्डरांत सुखरूप होती.

लिनक्सवर याच सुमारास दुसरा एक बदल झाला. पूर्वीं सर्व प्रोग्रॅम त्या त्या शाखेच्या एकाच कोठारांतून येत. आतां स्नॅप व फ्लॅटपॅक या नांवाच्या बंदिस्त पेट्या आल्या. उबुंटू या शाखेनें २०१९ च्या ऑक्टोबरांत क्रोमियम ब्राउझर, आणि २०२२ च्या एप्रिलांत फायरफॉक्स, केवळ स्नॅपच्या पेटींतून देण्यास आरंभ केला. लिनक्स मिंट या शाखेनें या धोरणास विरोध करून निराळा मार्ग धरला. जानेवारी २०२४ मध्यें मोझिलानें डेबियन व उबुंटू यांच्यासाठीं फायरफॉक्सचें स्वतःचें कोठार उघडलें. याचा परिणाम असा कीं एकाच संगणकावर एकाच नांवाचे तीन फायरफॉक्स असूं शकतात व तिघांच्या ठेवी तीन ठिकाणीं असतात: साध्याची घरच्या दालनांतील मोझिला फोल्डरांत, स्नॅपची स्नॅपच्या फोल्डरांत, आणि फ्लॅटपॅकची तिसऱ्याच एका टिंब असलेल्या फोल्डरांत. साध्या कोठारांतील प्रोग्रॅम काढून टाकला तरी घरची ठेव राहते. स्नॅपची पेटी काढली म्हणजे तिच्यांतील ठेवहि तिच्याबरोबर निघते. कांहीं दिवस तिची एक प्रत ठेवली जाते हें खरें. परंतु तेवढ्या भरंवशावर राहणें शहाणपणाचें नव्हे.

हें ऐकून कोणी म्हणेल, मग बदलूंच नये हें बरें! परंतु तोहि मार्ग मोकळा नाहीं. ब्राउझर हा घराचा रस्त्यावर उघडणारा दरवाजा आहे, आणि जुन्या कुलपाच्या उणिवा चोरांस ठाऊक झालेल्या असतात. शिवाय प्रत्येक आवृत्तीच्या पोटांत ओळखीचे मुदतबंद दाखले असतात. १४ मार्च २०२५ रोजीं असा एक दाखला संपला, आणि १२८ व्या आवृत्तीहून अथवा ११५.१३ या इएसआरहून जुन्या फायरफॉक्सांत ॲड-ऑन व संरक्षित चित्रपट यांचें काम बिघडण्याची वेळ आली. न बदलणारासहि काळ बदलावयास लावतोच.

तेव्हां इतिहासानें शिकविलेली रीत कोणती? ब्राउझरच्या मदतीच्या यादींत दोषनिवारणाचें एक पान असतें. त्यावर प्रोफाइलचें फोल्डर कोठें आहे तें लिहिलेलें असतें. तें प्रथम टिपून घ्यावें. मग ब्राउझर पूर्णपणें बंद करावा, कारण उघड्या वहीची नक्कल अपुरी निघते. तें संपूर्ण फोल्डर दुसऱ्या ठिकाणीं, शक्य तर दुसऱ्या डिस्कवर, उतरवून ठेवावें. संपूर्ण म्हणण्याचें कारण असें कीं पासवर्ड एका फाइलींत असतात व त्यांची किल्ली दुसऱ्या फाइलींत. एकीवांचून दुसरी व्यर्थ. त्यानंतर नवी आवृत्ति आणावी; परंतु जुनी लगेच काढूं नये. दोन्हीं कांहीं दिवस चालवावयाच्या असतील तर प्रत्येकीस स्वतंत्र प्रोफाइल द्यावें; ब्राउझरांतच तशी सोय आहे. मागें जावें लागलें तर नव्यानें फिरविलेली ठेव जुनीपुढें ठेवूं नये. बदलण्यापूर्वीं उतरविलेली नक्कलच तिला द्यावी. आणि पंधरा दिवस सर्व सुरळीत चाललें म्हणजे मग जुन्यास निरोप द्यावा.

शेवटीं एक गोष्ट सांगतों. वरील सर्व नकलांखेरीज बुकमार्कांची एक साधी फाइल काढून ठेवण्याची सोय प्रत्येक प्रमुख ब्राउझरांत आहे. फायरफॉक्सांतून वा क्रोमांतून ती फाइल काढून तिची पहिली ओळ पाहिली तर तेथें आजहि नेटस्केपचें नांव आढळतें. नेटस्केपचा कारभार १ मार्च २००८ रोजीं बंद झाला. तो ब्राउझर आज कोणी वापरीत नाहीं. तथापि त्यानें १९९४ च्या सुमारास घालून दिलेली ती साधी, कोणासहि वाचतां येणारी लेखनपद्धति सर्व आवृत्त्यांस, जुन्यांस व नव्यांस, सारखीच समजते. डेटाबेसांचे रकाने बदलले, नांवें बदललीं, पेट्या बदलल्या. साधें पान मात्र टिकलें. आपल्या ठेवींपैकीं जेवढी अशा साध्या पानावर उतरवितां येईल तेवढी वर्षांतून एकदोनदां उतरवून ठेवावी, म्हणजे उद्यां ब्राउझर कोणताहि येवो, आपली वही आपल्याच हातीं राहील.