झाकली मूठ : भोपाळ, १७३७

गणपतीत जागरणाला तीन पत्ती खेळणाऱ्या आपल्या गोंयकारांना एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. वाईट पाने टाकून ‘पॅक’ होणे कुणालाही जमते. कठीण असते ती चांगली पाने टाकणे. पणजीला मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या तसे पोकर हे नावही आपल्या कानावर पडू लागले. त्या खेळात तर हा पेच अधिकच टोकदार होतो. तुमच्या हातात दोन एक्के असतात, टेबलावर तिसरा उघडतो, आणि आपण जिंकलोच असे वाटते. मग टेबलावर एकाच रंगाची चार पाने जमतात. तुमचे तीन एक्के तिथेच असतात, तेवढेच देखणे असतात. पण समोरच्याकडे त्या रंगाचे एकच पान असले तरी तुम्ही हरलेले असता. बदललेले असते ते टेबल. ते पाहायचे सोडून माणूस आपल्या एक्क्यांकडेच पाहत बसतो.

आपल्या इतिहासात हा पेच सगळ्यात स्वच्छ दिसतो तो भोपाळला, १७३७ च्या डिसेंबरात. बाजीरावाचा विजय म्हणून आपण ही लढाई वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यात अधिक रस आहे तो हरलेल्या माणसात.

मार्च १७३७ च्या अखेरीस बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकला आणि परतला. बादशहा महंमदशहाचे धाबे दणाणले. त्याने दक्षिणेतून निजामुल्मुल्कला बोलावून घेतले आणि मराठ्यांना माळव्यातून हुसकावण्याचे काम सोपवले. निजाम तेव्हा ६६ वर्षांचा होता, बाजीराव ३७ वर्षांचा. सुमारे ३०,००० फौज आणि नामांकित तोफखाना घेऊन निजाम निघाला. वाटेत बुंदेले आणि राजपूत येऊन मिळाले. पाने उत्तम होती.

ही पाने त्याने विचारपूर्वक जमवली होती, हे विसरू नये. नऊ वर्षांपूर्वी, फेब्रुवारी १७२८ मध्ये, पालखेडला याच बाजीरावाने त्याला कोंडले होते. तेव्हा चपळ मराठ्यांचा पाठलाग करण्यासाठी निजामाने जड तोफा मागे ठेवल्या होत्या. पाणी नसलेल्या जागी तो अडकला आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह करून सुटला. या वेळी त्याने तोफा सोडल्या नाहीत. पाण्याचीही चिंता नको म्हणून भोपाळच्या मोठ्या तलावाचा आणि किल्ल्याचा आसरा घेतला, समोर नाला ठेवला. भोपाळचा नवाब यार महंमद खान त्याच्याच मर्जीतला. पालखेडला जे जे उणे पडले, ते सारे भोपाळला होते.

इथेच मेख आहे. निजाम मागचा डाव खेळत होता, आणि बाजीराव समोरचा.

तोफा आणि पाणी असलेल्या तळावर चालून जाणे बाजीरावाला परवडणारे नव्हते. भिंती फोडणारा जड तोफखाना त्याच्याकडे नव्हता. म्हणून त्याने चालून जायचेच टाळले. तळाभोवती घोडदळाचा वेढा टाकला आणि धान्य-वैरण तोडली. निजामाने पाण्याची सोय केली होती, तर बाजीरावाने त्याला भाकरीला महाग केले. तिकडे तापीकाठी वरणगावला चिमाजी आप्पा फौजेनिशी बसला होता, निजामाचा मुलगा नासिरजंग दक्षिणेतून कुमक घेऊन येऊ नये म्हणून. ज्या तोफांनी तळ राखला, त्याच तोफांनी निजामाला जागचे हलू दिले नाही. शेवटी सिरोंजच्या दिशेने माघार घ्यायला तो निघाला, तेव्हा तोफांच्या आडोशाने सगळा लवाजमा दिवसाला एखाद-दीड कोसच सरकत होता.

आपले बलवान पान आता मार खाणार, हे निजामाने कशावरून ओळखले असेल? मला तीन खुणा दिसतात. पहिली, तळावरच्या बाजारात धान्याला चढलेला भाव. दुसरी, नासिरजंगाची न आलेली कुमक. तिसरी सगळ्यात बोलकी : समोरच्याला घाई नव्हती. ज्याचे पान कच्चे असते तो दटावतो, अंगावर येतो, डाव लवकर संपवू पाहतो. बाजीराव नुसता थांबला होता.

७ जानेवारी १७३८ रोजी दोराहा सराई इथे निजामाने स्वतःच्या हाताने कबुली लिहून दिली. माळव्याचा सुभा आणि नर्मदा ते चंबळ हा सारा मुलूख पेशव्याला, त्यावर बादशाही सनद मिळवून देण्याचे वचन, आणि खर्चापोटी ५० लाख रुपये बादशहाकडून मिळवून देण्याचा प्रयत्न. दिल्लीहून माळवा राखायला निघालेल्या सेनापतीने माळवाच लिहून दिला. नामुष्की याहून मोठी काय असते?

पण हिशेब पाहा. त्याची फौज, तोफा, जीव आणि दख्खनचे राज्य त्याच्यासोबत परत गेले. दिले ते बादशहाचे होते, आणि तेही कागदावर. माळव्याची सनद पेशव्यांना प्रत्यक्ष मिळायला १७४१ उजाडले. बाजीरावानेही मूठ जास्त आवळली नाही. निजामाजवळ अजून तोफखाना आहे, रेटले तर आपलेही नुकसान आहे, हे तो जाणून होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. निजामाने आपली मूठ उघडण्याआधीच सौदा केला, म्हणून तिची काही किंमत आली.

ही वेळ गाठणे किती महत्त्वाचे, ते पानिपतावर कळते. तेवीस वर्षांनी तसाच तळ, तसाच तोफखाना, तशीच तुटलेली रसद; फक्त या वेळी आत मराठे होते. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी निजामाच्याच मुलाला नमवले होते, आणि तेच यशाचे पान घेऊन सदाशिवरावभाऊ उत्तरेत गेला. त्यानेही तहाची बोलणी लावली होती. पण तोवर तळातली उपासमार अब्दालीच्या गोटात जगजाहीर झाली होती. उघड्या मुठीला कोण किंमत देणार? १४ जानेवारी १७६१ ला जे झाले त्याचा आपल्या भाषेत वाक्प्रचार झाला.

गोव्यात बसून हे लिहिताना एक तिसरा खेळाडू डोळ्यांपुढे येतो. भोपाळ उरकल्यावर मराठ्यांनी वसईवर जोर धरला. गोव्यातून वसईला मदत जाऊ नये म्हणून जानेवारी १७३९ मध्ये व्यंकटराव घोरपडे साष्टीत उतरला, मडगाव घेतले, राशोलच्या किल्ल्याला वेढा घातला. सावंतवाडीकर भोसले बार्देशात शिरले. पोर्तुगीज व्हिसेरेई सांदोमिलपुढे प्रश्न तोच होता. वसई म्हणजे त्यांच्या उत्तर प्रांताची शान, हातातला एक्का. तो त्यांनी सोडला, खंडणी कबूल केली, आणि गोवा राखला. मे १७३९ मध्ये वसई पडली. पुढच्या पन्नासेक वर्षांत पोर्तुगिजांनी डिचोली, सत्तरी, फोंडा, पेडणे गिळले आणि ते १९६१ पर्यंत इथेच राहिले. निजामाचे घराणे १९४८ पर्यंत टिकले. बाजीराव मात्र दोराह्यानंतर सव्वादोन वर्षांतच, २८ एप्रिल १७४० रोजी, रावेरखेडीला वारला.

जिंकणाऱ्याचे मोठेपण याने कमी होत नाही. पण आपण पोवाडे गातो ते शेवटच्या पानापर्यंत झुंजणाऱ्यांचे, आणि वेळेवर पाने टाकणाऱ्याला भित्रा म्हणून मोकळे होतो. त्या भित्र्यांनी राखून ठेवलेले पुढे आपल्याच पणजोबा-आजोबांना भोगावे लागले. शत्रू हरला, एवढ्यावर इतिहास वाचायचा थांबवू नये. हरताना त्याने काय वाचवले, तेही मोजून ठेवावे.